सरकारने नाक दाबल्यावर टेक कंपन्यांची तत्त्वं टिकतात का?

अनवट

कंपन्या तत्त्वं पाळतात याचा पुरावा म्हणून ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कूक यांचं २०१६ चं जाहीर पत्र अजूनही पुढे केलं जातं, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत सॅन बर्नार्डिनोच्या हल्ल्यात १४ जण मारले गेले. हल्लेखोराच्या आयफोनचं कुलूप उघडता यावं म्हणून ॲपलने खास सॉफ्टवेअर लिहून द्यावं, असा आदेश एफबीआय या तपास यंत्रणेने कोर्टातून मिळवला. ॲपलने त्या पत्रातून जाहीर नकार दिला. एका फोनसाठी चोरदरवाजा केला की तो पुढे सगळ्याच फोनसाठी वापरला जाईल, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो बरोबरच होता. शेवटी एफबीआयने तिसऱ्याच कुणाकडून फोन उघडून घेतला आणि मागणी मागे घेतली.

हीच कंपनी चीनमध्ये कशी वागली? २०१७ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरची सरकारी बंदी ओलांडू देणारी ॲप्स स्टोअरमधून काढली. फेब्रुवारी २०१८ पासून चिनी ग्राहकांचा आयक्लाउडवरचा, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीतला डेटा ग्वेजो प्रांतातल्या सरकारी पाठबळाच्या कंपनीकडे गेला आणि तो उघडायच्या किल्ल्याही चीनमध्येच ठेवल्या गेल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलकांना पोलीस कुठे आहेत ते दाखवणारं नकाशाचं ॲप काढलं.

तत्त्व तेच, कंपनी तीच, साहेबही तेच. अमेरिकेत भांडायला कोर्ट होतं. चीनमध्ये कारखाने होते आणि प्रचंड बाजारपेठ होती. ज्या तत्त्वापायी धंदा बुडत नाही तेवढंच पाळलं जातं, असं माझं ठाम मत झालं आहे. गूगलने २०१८ मध्ये एआयच्या तत्त्वांत 'शस्त्रं आणि आंतरराष्ट्रीय निकष मोडणारी पाळत यांसाठी तंत्रज्ञान बनवणार नाही' असं लिहिलं होतं, तेही कर्मचाऱ्यांनी पेंटागॉनच्या ड्रोन प्रकल्पाविरुद्ध आवाज उठवल्यावर. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो भाग गाळला. ज्यांनी लिहिलं त्यांनीच खोडलं.

शून्यप्रहर

पटलं नाही. सोयीची उदाहरणं घेतलीत.

तुर्कस्तानने एप्रिल २०१७ मध्ये विकिपीडिया बंद केला. सरकारला खटकणारा मजकूर काढला असता तर लगेच चालू झाला असता. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेने काढला नाही. जवळजवळ तीन वर्षं तो देश अंधारात राहिला, शेवटी तिथल्याच घटना न्यायालयाने बंदी बेकायदा ठरवली आणि जानेवारी २०२० मध्ये विकिपीडिया परत आला. गूगलनेही २०१० मध्ये चीनमधलं सेन्सॉर केलेलं सर्च बंद केलं आणि तेवढी मोठी बाजारपेठ सोडली.

आणि लाव्हाबिट? अमेरिकेची गुप्त पाळत उघड करणारा स्नोडेन ज्यांचा ईमेल वापरत होता ती छोटी कंपनी. २०१३ मध्ये अमेरिकन सरकारने मालक लाडार लेव्हिसन यांच्याकडे एसएसएल किल्ली, म्हणजे सर्व्हरशी होणारी कुलूपबंद देवाणघेवाण उघडणारा सांकेतिक आकडा मागितला. ती दिली की एकाचा नाही, लाखो ग्राहकांचा पत्रव्यवहार उघडा पडणार होता. लेव्हिसन यांनी किल्ली दिली, पण कागदावर छापून: ११ पानं, अक्षरं इतकी बारीक की वाचताच येईनात. कोर्टाने किल्ली संगणकावर वापरता येईल अशी मिळेपर्यंत रोज ५,००० डॉलर दंड लावला. शेवटी किल्ली द्यावी लागली, पण त्याच वेळी त्यांनी अख्खी सेवाच बंद करून टाकली. स्वतःचा दहा वर्षांचा धंदा. यात कुठला फायदा दिसतो तुम्हाला?

अनवट

शून्यप्रहर, तुमच्या यादीत एक ना-नफा संस्था आहे आणि एक छोटी कंपनी. शेअरधारकांना तिमाहीचा हिशोब देणारी कंपनी म्हणाल तर फक्त गूगल. तिनेही सात वर्षांनी ड्रॅगनफ्लाय नावाने चीनसाठी पुन्हा सेन्सॉर केलेलं सर्च बनवायला घेतलं होतं. बातमी फुटली, कर्मचारी खवळले, म्हणून ते बारगळलं.

रानवारा

वकिली करते, म्हणून मला मूळ प्रश्नच उलटा वाटतो. सरकारचं न ऐकणारी कंपनी ती तत्त्वनिष्ठ, हे गृहीतक कुठून आलं?

निवडून आलेलं सरकार कायद्याखाली आदेश देतं. त्यावर न्यायालय असतं, आणि पाच वर्षांनी मतदार सरकार बदलू शकतात. कंपनीचा सीईओ कोण बदलणार? ट्विटरने केंद्राच्या ब्लॉकिंग (खाती आणि मजकूर बंद करण्याच्या) आदेशांविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली. जून २०२३ मध्ये याचिका फेटाळली गेली, वर ५० लाखांचा खर्चही बसला. निकाल मलाही सगळा मान्य नाही. पण रस्ता हाच आहे: लढा, हरलात तर अपील करा, आणि तोवर कायदा पाळा. 'आमच्या मूल्यांत बसत नाही' एवढ्यावर एखादी परदेशी कंपनी देशाचा कायदा धुडकावू लागली, तर उद्या लहान मुलांच्या शोषणाच्या चित्रफिती काढा म्हटल्यावरही तेच उत्तर येईल. टेलिग्राम या संदेशांच्या ॲपचे संस्थापक दुरोव यांना ऑगस्ट २०२४ मध्ये फ्रान्समध्ये अटक झाली ती अशाच स्वरूपाच्या आरोपांवरून. पुढच्याच महिन्यात टेलिग्रामने वैध आदेशावर आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि फोन नंबर देण्याचं धोरण जाहीर केलं. त्यात वाईट काय झालं?

लेखणी

रानवाराताई, उघड आदेशाबद्दल तुमचं सगळं मान्य. पण घोडं पेंड खातं ते गुप्त आदेशापाशी. याहूची गोष्ट सांगते, कारण इथे सगळे एकेक कंपनी शहाणी की भामटी ठरवताहेत आणि याहू दोन्ही होती.

शी ताओ या चिनी पत्रकाराने २००४ मध्ये तिआनमेन चौकातलं आंदोलन चिरडल्याच्या पंधराव्या स्मरणदिनाबद्दल माध्यमांना आलेली सरकारी सूचना ईमेलने बाहेर पाठवली. याहूच्या बाजूने खात्याची माहिती चिनी पोलिसांना मिळाली आणि शी ताओ यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. २००७ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे याहूचे सहसंस्थापक जेरी यांग यांना शी ताओंच्या आईसमोर मान झुकवावी लागली.

त्याच सुमारास हीच याहू अमेरिकेच्या गुप्त पाळत न्यायालयात स्वतःच्या सरकारशी भांडत होती. वॉरंटशिवाय ग्राहकांचा डेटा देणार नाही म्हणत होती. सरकारने रोज अडीच लाख डॉलर दंडाची धमकी दिली. २००८ मध्ये याहू हरली आणि तिला डेटा द्यावा लागला. याहू लढली होती हे २०१३ पर्यंत ग्राहकांना समजूच शकत नव्हतं, आणि कागदपत्रं खुली झाली ती २०१४ मध्ये. मतदार सरकार बदलतील म्हणता, पण सरकारने काय मागितलं हेच माहीत नसेल तर मतदार कशावरून ठरवणार? आपल्याकडेही २००९ च्या ब्लॉकिंग नियमांतला नियम १६ गोपनीयतेचाच आहे. ज्याचं खातं बंद झालं त्याला कारण कळत नाही.

रानवारा

नियम १६ वर माझाही आक्षेप आहे. पण तपास चालू असताना संशयिताला कळवत बसणं शक्य नसतं. गुप्ततेला मुदत घाला, ती संपली की आदेश खुला करा, ही मागणी संसदेकडे करू. कंपनीच्या सद्सद्विवेकावर विसंबणं हा त्याला पर्याय नाही.

अनवट

सद्सद्विवेकावर मीही विसंबत नाही, म्हणून तर सिग्नल हे संदेशांचं ॲप आवडतं. २०१६ मध्ये अमेरिकन ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) त्यांच्याकडे दोन फोन नंबरांची माहिती मागितली, त्यांतला एकच सिग्नलवर होता. त्यांनी कायदा पाळला, असेल ते सगळं दिलं. काय दिलं? खातं कधी उघडलं ती तारीख आणि शेवटचं कधी जोडलं गेलं ती तारीख. बाकी त्यांनी साठवलेलंच नव्हतं. दबाव यायच्या आधी, सर्व्हर बांधतानाच तो निर्णय झालेला होता. कंपनीचं धोरणाचं पान वाचण्यापेक्षा तिच्याकडे काय काय साठतंय ते बघावं. जे साठलंय ते आज ना उद्या मागितलं जाणार.

शून्यप्रहर

मग ब्रिटनचं काय म्हणाल? ॲपलने तिथे आयक्लाउडच्या डेटासाठी अशीच सोय दिली होती, किल्ली फक्त ग्राहकाकडे. सरकारने २०१६ च्या पाळत कायद्याखाली गुप्त नोटीस काढल्याची बातमी फुटली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने चोरदरवाजा न करता ती सोयच ब्रिटनमधून काढून घेतली. मी याला तत्त्व पाळणं म्हणतो. खोटं कुलूप विकण्यापेक्षा कुलूप नाही असं सरळ सांगितलेलं बरं.

अनवट

सांगितलं हे बरं केलं. पण ग्राहक उघडा पडला तो पडलाच. आणि अमेरिकेत असतं तर कोर्टात उघडपणे लढले असते.

लेखणी

अनवट, इथे तुमचा कोर्टाचा हिशोब चुकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतच, इमिग्रेशनचे अधिकारी कुठे दिसले ते लोकांनी एकमेकांना कळवायचं आइसब्लॉक हे ॲप ॲपलने काढून टाकलं. कोर्टाचा आदेश नव्हता, न्याय खात्याने मागणी केली होती. भांडायला कोर्ट होतं, वकिलांची फौज होती, २०१६ चा अनुभव होता. काढण्याचं कारण हाँगकाँगच्या नकाशाला दिलं होतं त्याच जातीचं, अधिकाऱ्यांच्या सुरक्षेचं. नंतर सरकारविरुद्ध कोर्टात गेला तो ते ॲप बनवणारा एकटा माणूस.