हजाराच्या आत हेडफोन: सोनीचा झेडएक्स ११० खरंच घेण्यासारखा हाये का?

हरभरा_आणि_एमपीएससी (दारव्हा): राम राम मंडळी. हेडफोन घ्यायचा हाये, बजेट हजार, त्याच्यावर एक रुपया नाई. अभ्यासिकेत लेक्चर ऐकाले, आन रात्रीची लाईन असली की हरभऱ्याले पाणी देता देता वावरात. ज्याले विचारावं तो सोनीच्या एमडीआर-झेडएक्स ११० चं नाव घेते. खरंच तेवढा चांगला हाये का नुसतं सोनी लिहून हाये म्हणून बोलबाला? फोनले गोल पिनची जागा नाई, टाईप-सी हाये. मले चष्मा हाये.

संत्राबाग_वरूड: घेऊन टाक भाऊ, इचार कायले करतं. माह्याजवळ तोच हाये, पोरगी त्याच्यावर झोपली, वायर खाटेच्या पायाखाली आली, तरी टनाटन वाजते. आमच्या गावात मले पाहून तिघायनं घेतला.

काटोल_साउंड: हजारात आवाज नाई भेटत, नुसता भास भेटते. थोडा दम धर आन ऑडिओ टेक्निकाचा एम५०एक्स घे, ४५ मिमीचा ड्रायव्हर (म्हणजे आतला स्पीकर), वायर निघते, एक गेली तर दुसरी लावा. मी तोच वापरून रायलो. एकदा लावला की बाकी सारे डबडे वाटतात.

हरभरा_आणि_एमपीएससी: दादा, हजार म्हटलं ना.

काटोल_साउंड: कापूस विकला की घे मंग.

पुसदी_पोट्टा: कापसाचा भाव पाहून बोलत जा ना बे. इथी लोकं चुकाऱ्याची वाट पाहून रायले आन ह्याले एम५०एक्स सुचून रायला.

गुरुजी_मेहकर: एम५०एक्सला अँप, म्हणजे आवाजाला जोर देणारा अँप्लिफायर लागतो, नुसत्या फोनवर तो नीट वाजत नाही. शिवाय कोणताही हेडफोन नवीन असताना पन्नास-शंभर तास गाणी लावून ठेवायची, मग आवाज मोकळा होतो. मी प्रत्येक वेळी करतो.

आयटीआयवाला (चांदूर रेल्वे): गुरुजी माफ करा, एम५०एक्स ३८ ओहमचा हाये (ओहम म्हणजे विजेले अडथळा, जेवढा कमी तेवढं फोनले सोपं), फोनवर आरामात वाजते, अँप लागते ते दीडशे-तीनशे ओहमवाल्याले. आन तासंतास गाणे लावून हेडफोन नाई बदलत, आपल्या कानाले सवय होते.
आता मुद्द्याचं. झेडएक्स ११० मध्ये ३० मिमीचा ड्रायव्हर हाये, २४ ओहम, एका मिलिवॅटले ९८ डेसिबल, म्हणजे साध्या फोनवरही मोठा वाजते. बोलण्याचा आवाज साफ येते, लेक्चरसाठी तेच पाहिजे. नाव झालं ते याच्यासाठीच, हलका हाये, घडी होते, स्वस्त हाये. पण गाण्यातली बारीक वाद्यं वेगळी ऐकू यीन असं समजू नको. आन साध्या झेडएक्स ११० ले माईक नाई, माईकवाला पाहिजे असन तर नावाच्या शेवटी एपी लिहिलेला घेजो.
टाईप-सीची कनेक्टर वायर दोन जातीची येते, एकीत आवाज बनवणारी चिप असते अन् दुसरी नुसतीच तार असते. तारवाली साऱ्या फोनवर चालत नाई. दुकानात स्वतःचा फोन लावून पाहून घे, नाईतर दीडशे रुपये पाण्यात.

गुरुजी_मेहकर: ठीक आहे, पण माझ्या कानाला फरक कळतो.

पुसदी_पोट्टा: गुरुजी 🙏

वैशाली_वर्धा: चष्म्याचं कोणीच वाचलं नाही का? हा कानावर टेकणारा हेडफोन आहे, पूर्ण कान झाकणारा नाही. चष्म्याची काडी आणि हेडफोनची गादी यांच्यामध्ये कानाचा वरचा भाग दाबला जातो. माझ्याकडे वेगळ्या कंपनीचा असाच होता, तासाभरात कान लाल व्हायचा, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत तर गादी घामानं चिपचिप. मी शेवटी कानात घालायचे साधे वायरवाले इअरफोन घेतले, निम्म्या पैशात.

संत्राबाग_वरूड: आमच्या इथी ४६ होते, मले काई नाई झालं. घे भाऊ तू.

आर्णी_ओलीत: अरे बावा रात्री वावरात दोन्ही कान बंद करून कोणी उभं रायते का? पाण्याचा दांड फुटला तर कळन का? मोटर बंद पडली तर? रानडुकरं पंधरा फुटावर येतात तरी पत्ता नाई लागत. टिपेश्वरच्या वाघाच्या अभयारण्याच्या बाजूच्या लोकायले विचारून पाय, ते तर मोबाईलवर गाणंही हळू लावतात. एकाच कानात घाल, दुसरा उघडा ठेव. हेडफोन कोणताही घे.

जुना_श्रोता: मंग कॉसचा पोर्टा प्रो. १९८४ पासून तसाच येऊन रायला, मागून उघडा असते, बाहेरचं सारं ऐकू येते. माह्याजवळचा अजून चालते.

आयटीआयवाला: उघडा हाये म्हणूनच त्याचा आवाज बाहेरही येते, अभ्यासिकेत बाजूचा पोरगा मारन. आन हजारात नाई बसत. झेडएक्स ११० चाही थोडा येते म्हणा, फुल केला तर.

मेडिकलवाला_दिग्रस: फुल करूच नका कोणी. ८० डेसिबलला हप्त्यात ४० तास, एवढीच मर्यादा जागतिक आरोग्य संघटना सांगते. ट्रॅक्टरवर बसून हेडफोन लावणारे ट्रॅक्टरच्या आवाजावर मात करायले आवाज वाढवतात, तिथंच कान जातात.

पुसदी_पोट्टा: माह्या मामानं बाजारातून सोनी म्हणून आणला, घरी येऊन पायलं तं स्पेलिंगमध्ये एक अक्षर जादा. बिल घेऊनच घेजो.

काटोल_साउंड: म्हणून म्हणतो, एम५०एक्स.

हरभरा_आणि_एमपीएससी: सगळ्यायचे आभार. आज तालुक्याले जाऊन आलो. झेडएक्स ११० घालून पायला, आवाज खरंच साफ हाये, पण चष्म्यावर ताईनं सांगितलं तसाच दाबला. शेवटी नेकबँड घेतला, साडेआठशेचा. माहित हाये सारे शिव्या देसान. पण फावडं चालवताना वायर अडकते, पिनची झंझट नाई, एक बोंडूक काढलं की गळ्यात लटकते. आन दुकानदार ओळखीचा हाये, पैसे चुकारा आल्यावर देजो म्हणे.

आयटीआयवाला: दोन वर्षात बॅटरी बसन, मंग नवीन घेशीन. वायरवाल्याले ते भेव नाई.

संत्राबाग_वरूड: एवढं सांगून पोरगं ब्लूटूथ घेऊन आलं.

आर्णी_ओलीत: एकाच कानात घालजो.

नवीन_सदस्य_उमरखेड: नमस्कार, आबायले टीव्हीले लावासाठी हाच झेडएक्स ११० चालन का? खाट टीव्हीपासून लांब हाये.

आयटीआयवाला: वायर १.२ मीटरचीच हाये भाऊ. एक्सटेन्शन वायर लागन, आन टीव्हीले गोल पिनचं भोक हाये का ते आधी मागून पाहून घे.