बर्फाची ‘झड’ म्हणता येईल का? (आणि ‘फ्रंट’चं काय करायचं?)

हवामानाचं दोन दिवसांचं हिवाळी पत्रक मराठीत आणतोय आणि ‘फ्रंट’पाशी, म्हणजे थंड आणि उबदार हवेच्या सीमेपाशी, अडलोय. ‘वाताग्र’ हिंदी पाठ्यपुस्तकातलं वाटतं. ‘उद्या दुपारी थंड आघाडी येणार’ लिहावं तर निवडणुकीची बातमी होते! शिवाय ‘स्नो’ही बर्फ आणि ‘आइस’ही बर्फच?

प्रतिसाद १
आघाडीच ठेवा. मूळ शब्दही रणांगणावरचाच. पहिलं महायुद्ध संपता संपता नॉर्वेतल्या बर्गेनला हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस आणि सहकाऱ्यांनी थंड-उबदार हवेच्या सीमेला युद्धाच्या आघाडीवरून ते नाव दिलं. फक्त पहिल्या वेळी ‘थंड हवेची आघाडी’ असं पूर्ण लिहा, राजकारण आपोआप गळतं. आणि ती ‘येत’ नाही, ‘सरकते’.

प्रतिसाद २
खरी गंमत पुढे आहे. उबदार हवेची आघाडी सरकते तेव्हा उबदार हवा थंड हवेच्या पाठीवर अगदी हलक्या चढाने चढते, १५०-२०० किलोमीटरमागे जेमतेम एक किलोमीटर. आधी पिंजलेल्या कापसासारखे ढग, मग दुधी काचेआडून दिसावा तसा सूर्य, मग आभाळ गच्च आणि तासन्‌तास एकसुरी बर्फ. ही झडच की! थंड हवेची आघाडी मात्र पाचरीसारखी खालून घुसते आणि उबदार हवेला झटक्यात वर फेकते. थोडा वेळ जोराचा मारा, वारा दिशा बदलतो, पारा घसरतो. ही सर. पावसासाठी घडलेले शब्द बर्फाला वापरायला का कचरायचं? अधूनमधून चार कण उडाले तर भुरभुर.

प्रतिसाद ३
झड मान्य. बर्फाबद्दल म्हणाल तर बोलताना बर्फच पडतो, ‘हिम पडतंय’ कोण म्हणतं? समासात हिम शोभतं: हिमवृष्टी, हिमवादळ. (‘बर्फबारी’ कृपया नको.) मोजमापही सांभाळा. साधारण १० सेंटीमीटर ताजा बर्फ वितळला की १ सेंटीमीटर पाणी होतं, त्यामुळे पावसाचे मिलिमीटर तसेच बर्फाला चिकटवू नका.

मला जास्त काळजी गोठणाऱ्या पावसाची वाटते. वरच्या उबदार थरात हिमकण वितळतो, जमिनीलगतच्या शून्याखालच्या हवेतून पाणी म्हणूनच खाली येतो आणि टेकला तिथे गोठतो. झाडाची काडीन्‌काडी काचेत घातल्यासारखी दिसते, रस्ता मात्र नुसता ओला वाटतो. याला ‘बर्फवृष्टी’ म्हटलंत तर वाचणारा पांढरं काहीतरी शोधत राहील आणि आपटेल. मी ‘बर्फाचा मुलामा’ म्हणेन. थेंब वाटेतच गोठले तर बर्फाचे दाणे. त्यांना गारा म्हणू नका, गारा गडगडाटी ढगांत तयार होतात.

मूळ प्रश्नकर्ता
मुलामा उचलला! आता असं झालंय: ‘आज रात्री उबदार हवेची आघाडी सरकत येईल. आधी बर्फाची झड, पहाटे गोठणारा पाऊस, रस्त्यांवर बर्फाचा मुलामा. उद्या दुपारी थंड हवेची आघाडी. बर्फाच्या एक-दोन जोरदार सरी, नंतर उघडीप.’

‘उघडीप’ शोधावा लागला नाही, आपणहून आला.