मदत हवी आहे: राउटरओएस (मायक्रोटिक राउटरची सिस्टिम) ६ वरून ७ वर जायचंय, सगळ्यांचं नेट एकदम न पाडता

नमस्कार मंडळी,
सोलापुरात पूर्व भाग आणि अक्कलकोट रोड एमआयडीसी मिळून ६०० च्या आसपास कनेक्शनं सांभाळतो. मूळचा केबलवाला, नेटवर्किंग ठेचा खातच शिकलो. कोअरला (मुख्य जागी) मायक्रोटिकचा सीसीआर १०३६ राउटर. पीपीपीओई सर्व्हर (गिऱ्हाइकाचं लॉगिन घेऊन सेशन उघडणारा), नॅट (एका आयपीवर अनेकांना नेट), सगळं त्याच्यावरच. व्हर्जन अजून ६.४५. वायरगार्ड (व्हीपीएन) हवंय, म्हणून ७.

सगळे सांगतात, रात्री बाराला कर. पण आमच्याकडे रात्र मोकळी नसते. टॉवेलवाल्यांचे परदेशी गिऱ्हाईक रात्रीच बोलतात, आणि एका हॉस्पिटलचे सीटी स्कॅन रिपोर्टसाठी रात्रीच बाहेरगावी जातात. नेट गेलं की फोन मला नाही, वडिलांना येतात!

मागच्या अपग्रेडला बॅकअप घेतला होता, पण ठेवला राउटरवरच. घोळ झाला, नेटइन्स्टॉल (सगळं पुसून सिस्टिम नव्याने चढवणं) मारलं, बॅकअपही पुसला गेला. सकाळपर्यंत हाताने कॉन्फिग लिहीत बसलो. चूक माझीच.

एक सीसीआर १००९ पडून आहे. व्हीआरआरपी (एक राउटर पडला की दुसरा त्याची जागा घेतो ते) लावलं तर सेशन तुटणार नाहीत ना?

प्रतिसाद १
तुटतील मालक. व्हीआरआरपी फक्त गेटवेचा आयपी दुसऱ्या राउटरकडे देतं. पीपीपीओईचं सेशन ज्या डब्यावर उघडलं तिथंच मरतं. हॉस्पिटलची लाइन स्टॅटिक (पीपीपीओईशिवाय, कायम आयपीची) असेल तर तिला मात्र लावा. डिफॉल्ट सेटिंगला मास्टर गेल्यावर तीन-चार सेकंदांत दुसरा उठतो.

बाकीच्यांचं तुटणारच, फक्त एकदम तुटू देऊ नका. १००९ आधी ७ वर न्या, त्याच्यावर पीपीपीओई उभा करा, आयपी पूल (वाटायच्या आयपींचा साठा) वेगळा ठेवा. मग एकेक व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) सरकवा: जुन्यावर सर्व्हर बंद, नव्यावर चालू, जुनी सेशन्स तोडा. घरचा राउटर आपोआप परत डायल करतो. पहिला व्हीलॅन स्वतःच्या गल्लीचा घ्या, शिव्या ओळखीच्या असतात. सगळे एकदम सोडलेत तर रेडियस (लॉगिन तपासणारा सर्व्हर) गुदमरेल. आणि १००९ ला संध्याकाळचा लोड झेपेल असं धरू नका, पहाटे पाचला सुरू करून दुपारच्या आत परत या.

प्रतिसाद २
वरचं बरोबर. १०३६ रिकामा झाला की त्याच्या स्टोरेजला पार्टिशन (वेगळे कप्पे) पाडा (यात रीबूट होतो, म्हणून आधी नको). जुनं ६ दुसऱ्या पार्टिशनवर कॉपी करून ठेवा. बिघडलं तर तिथून बूट, नेटइन्स्टॉलची पाळी येत नाही. ६.४५ वरून थेट ७ नको, आधी ६.४९ करा. पॅकेज चढल्यावर राउटरबोर्डचं फर्मवेअर वेगळं चढवावं लागतं, त्याला पुन्हा एक रीबूट. दोन अपलिंकचा फेलओव्हर (बाहेरची एक लाइन गेली की दुसरी) रिकर्सिव्ह रूटने (ज्याचा गेटवे दुसऱ्या रूटमधून सापडतो) केला असेल तर त्या रूटची स्कोप आणि टार्गेट-स्कोप ही सेटिंगं बघाच, ७ मध्ये तिथंच लोक अडकतात. बॅकअपसोबत एक्सपोर्टही (कॉन्फिगची वाचता येणारी फाइल) काढा, दोन्ही लॅपटॉपवर. ७ वर एक्सपोर्ट काढताना शो-सेन्सिटिव्ह लावा, नाहीतर पासवर्ड फाइलीत येत नाहीत.

धागाकर्ता
व्हीआरआरपीचा गैरसमज गेला. आता एकच शंका. काही दुकानांचे सीसीटीव्ही पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत वाट देणारे नियम) आहेत. पूल बदलला की ते नियम १००९ वर वेगळे लिहायचे ना?

प्रतिसाद १
हो, नव्या आयपीने. त्या दुकानांना रेडियसमध्ये आयपी फिक्स करून ठेवला असेल तर पूल बदलूनही तोच मिळेल, मग नियम जसेच्या तसे उचला. पण व्हीलॅन सरकवायच्या आधी लिहा.