मशीनवर रुपये निवडू नका

परदेशात फिरताना खिसेकापूंपासून जपायला पैसे मनी बेल्टमध्ये, म्हणजे कपड्यांच्या आत बांधायच्या पट्ट्यात ठेवा असं सांगतात ते बरोबरच आहे, पण मला विचाराल तर खिसेकापूपेक्षा गोड बोलणारा माणूस जास्त महागात पडतो. आमच्या बडोद्यात दांडिया बाजारातून दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी काका-काकू ग्रुप टूरने निघतात, त्यांना मी हेच सांगते. पॅरिसला साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांशी दोरेवाले उभे असतात, तुम्ही हात पुढे केला की बोटाला दोरा अडकवून तिथेच गोफ विणायला लागतात, मनगटावर गाठ मारतात आणि मग पैसे मागतात. आपल्याला देवळात गंडा बांधून घ्यायची सवय, हात आपोआप पुढे जातो ना! तिथे हात खिशात ठेवायचे आणि न थांबता चालत राहायचं, उत्तरसुद्धा द्यायचं नाही. बँकॉकला ग्रँड पॅलेसबाहेर कोणी सांगितलं की आज बंद आहे, चला टुकटुकने स्वस्तात फिरवतो, तर ऐकू नका, शेवटी रत्नांच्या दुकानातच नेतात, गेटपर्यंत स्वतः जाऊन बघा.

आणि एक, ज्यावर सहसा कोणी बोलत नाही. युरोपात कार्ड स्वाइप करताना मशीन विचारतं रुपयांत घेऊ की युरोत, तेव्हा युरोच दाबा. रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं पण तो रेट मशीनवाल्यांचा असतो, बहुतेक वेळा त्यांचं कमिशन धरूनच. एटीएममध्येही तसंच, तिथे 'विदाउट कन्व्हर्जन' म्हणजे रुपयांत न बदलता, हे निवडायचं, आईबाबांना निघायच्या आधी घरीच हे नीट समजावून द्या.