मदत हवी आहे : पॉन्टियॅक जीटीओ नेमकी कशामुळे बंद झाली?

नमस्कार. अमेरिकन मसल कारवर (जबर ताकदीच्या इंजिनाच्या गाड्यांवर) लेख लिहिताना पॉन्टियॅक जीटीओच्या अखेरीपाशी अडलो आहे. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवण्यास पॉन्टियॅकची मालक कंपनी जनरल मोटर्सची मनाई असतानाही, पॉन्टियॅकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉन्टियॅकच्याच १९६४ च्या टेम्पेस्ट गाडीसाठी ३८९ घनइंचांचे व्ही-८ इंजिन ‘जीटीओ’ नावाच्या ‘ऐच्छिक संचा’त देऊ केले, आणि ही पळवाट (मला तरी ती फार मजेशीर वाटते) इतकी फळाला आली की १९६६ मध्ये ९६ हजारांहून अधिक जीटीओ विकल्या गेल्या. १९७४ नंतर मात्र ही गाडी थांबली. त्याचे खापर सर्रास तेलटंचाईवर फोडले जाते. पण अरब देशांची तेलबंदी ऑक्टोबर १९७३ मधली, आणि १९७३ च्या मॉडेलची विक्री तर त्याआधीच पाच हजारांच्या खाली आली होती. मग विम्याचे चढे हप्ते, प्रदूषणाच्या नियमांपायी १९७१ पासून घटवलेले इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचे प्रमाण; ते घटले की ताकदही घटते), की पॉन्टियॅकच्या घरातलीच स्पर्धक गाडी फायरबर्ड ट्रान्स अ‍ॅम, यांपैकी कशाला अधिक वजन द्यावे? त्या काळातले विम्याचे दर कोठे पाहायला मिळतील, हेही कोणी सांगू शकेल का? ऑस्ट्रेलियातल्या होल्डन मोनारो गाडीवर बेतलेली २००४ ची जीटीओ या प्रश्नातून वगळली आहे.