"रक्तातच आहे" म्हणणाऱ्यांसाठी

सेटलमेंटची नात: परवा इथं पोस्ट आली, "सात रस्ता चौकात गंठण ओढलं. कुठली पोरं असणार ते सांगायला नको. त्यांच्या रक्तातच आहे, आता तर जीन पण सापडलाय." रात्रभर तेच डोक्यात.

"रक्तात आहे" हे इंग्रजांनी १८७१ सालीच कायद्यात लिहून ठेवलं. अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार. आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणात, म्हणजे सेटलमेंटमध्ये, माणसं कोंडली, दिवसा मिलमध्ये राबवली, वर घंटा झाली की हजेरी. माझी आजी त्यात वाढली. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर रद्द झाला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, मी लहान असताना, शेजारच्या शाळेची घंटा झाली की हातातली भाकरी तशीच तव्यावर टाकून ती दारात जाऊन उभी राहायची. हजेरीला! आयुष्यात तिनं कुणाची सुतळीसुद्धा उचलली नाही.

पार्क चौक: पोस्ट माझी आहे. गंठण माझ्या आईचं होतं, मानेवर अजून वळ आहे. आजींबद्दल आदर आहे, पण विज्ञान भावनेवर चालत नाही. १९९३ साली नेदरलँड्समधल्या एका घराण्यात एमएओए, म्हणजे मेंदूतली काही रसायनं मोडण्याचं काम बघणारा जीन, बिघडलेले पुरुष सापडले. मारहाण, जाळपोळ, सगळं. हे काय मी घरी बसून रचलं?

सेटलमेंटची नात: आईंना लागलं याचं मनापासून वाईट वाटलं. पण दादा, ते एकच घराणं, आणि जीन पूर्ण बंद पडणं फार दुर्मिळ. त्याच जीनचा कमी काम करणारा प्रकार साधारण तीनातल्या एका पुरुषात असतो. तुमच्यातही असेल. २००२ साली न्यूझीलंडच्या ४४२ मुलांवरचा अभ्यास आला. हा प्रकार असून लहानपणी छळ झाला, त्यांच्यात हिंसा जास्त दिसली. छळ नसलेल्यांत तसा फरक दिसला नाही. आणि यात जात कुठून आली?

जुना मिलकामगार: जीन बिन राहू द्या. मिल बंद पडली तेव्हा आमच्या गल्लीत काय झालं ते मी बघितलंय. दोन वर्षांत तीन घरची पोरं मटक्याच्या नादी लागली. बाप दिवसभर घरात, रात्री दारू. रक्त तेच होतं की, पगार गेला होता.

विजापूर रोड: काका, कुठल्याही विषयात तुमची मिल येतेच. माझे वडीलही त्याच खात्यात होते. त्यांनी रिक्षा चालवली, आईनं विड्या वळल्या. आम्ही नाही चोऱ्या केल्या. गरिबीच्या नावावर सगळं खपवू नका.

जुना मिलकामगार: तुझे वडील कायम होते. मी बदली कामगार. सकाळी गेटवर उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाही तर डबा तसाच घरी. मला शेवटी हातात काय मिळालं विचार त्यांना. मग मला शिकव.

विजापूर रोड: वडील गेले. त्यांचं निम्मं देणंही अडकलेलंच होतं. तुम्हीच तेवढे सोसलं असं बोलू नका.

जुना मिलकामगार: माहीत नव्हतं पोरा. शब्द मागे घेतो. पण तुझी आई खंबीर होती म्हणून तुम्ही तरलात. सगळ्यांच्या घरी नसते.

टीवाय मानसशास्त्र: काकांच्या या बोलण्यातच बरंचसं उत्तर आहे. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली दोन गट मांडले. बहुतेक पोरं वयात येताना वाकडी जातात आणि पुढं काम, संसार लागला की सुटतात. थोडेच असे, की ज्यांचं बालपणापासून सुरू होतं आणि थांबत नाही. तिथं मेंदूचा वाटा आहे, नाही कसं म्हणू? आवर घालणारा पुढचा मेंदू पंचविशीपर्यंत पिकत असतो. त्यामुळे ताई, "जीवशास्त्र काहीच नाही" असंही नका म्हणू.

सेटलमेंटची नात: तसं मी म्हटलंच नाही. मेंदू एकेका माणसाचा असतो, वस्तीचा नसतो, एवढंच म्हणतेय. माझ्या भावाला खोली बघायला नेलं, मालकाला पसंत पडला. आधार कार्डावरचा पत्ता वाचला आणि किल्ली परत खिशात घातली. भावाचा कुठला जीन तपासला त्यांनी?

पार्क चौक: ठीक आहे. "रक्तात" हा शब्द चुकला. पण चोर सापडला तर त्याच्या बालपणाची गोष्ट मी ऐकणार नाही. आई अजून एकटी भाजीला जात नाही.

सेटलमेंटची नात: नका ऐकू. शिक्षा व्हायलाच हवी, ज्यानं ओढलं त्याला. "कुठली पोरं" हे वाक्यही काढा.

पार्क चौक: काढलं. जीनचं मात्र मला अजून पटलेलं नाही.