किडनी रोपणानंतर कानाच्या कडेला खडबडीत गाठ: अझाथायोप्रीन बदलायची का?

राजवाडा_ते_पलासिया
नमस्कार मंडळी. मोठ्या काकांसाठी विचारतोय. वय 57, किडनी रोपण 2013 साली. गोळ्या: शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस 1.5 मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, अझाथायोप्रीन 75 मिग्रॅ, प्रेडनिसोलोन 5 मिग्रॅ, बीपीसाठी टेल्मिसार्टन-एच. क्रिएटिनिन 1.3, लघवीत प्रोटीन नाही. डाव्या कानाच्या वरच्या कडेला सहा आठवड्यांपासून वाटाण्याएवढी खडबडीत गाठ आहे. खपली निघाली की रक्त येतं, उशीवर कान टेकला की दुखतं. घरात एक मत असं की मस्सा आहे, चुना-सोडा लावा. दुसरं असं की कातडीचा कॅन्सर गोऱ्यांना होतो, आपल्याला नाही. काका उन्हात फिरत नाहीत, दिवसभर दुकानात गल्ल्यावर बसतात, डाव्या हाताला मोठी काच. अझाथायोप्रीन बंद करावी का? आणि इथल्या, इंदूरच्या दवाबाजारातून सनस्क्रीन कोणतं आणायचं?

डर्मा_मालवा
चुना-सोडा अजिबात नको. वरचं कातडं जळतं, खाली गाठ वाढत राहते, आणि नंतर तुकडा काढला तरी तपासणाऱ्याला नीट वाचता येत नाही. सहा आठवडे, दुखणं, रक्त, कानाची कड आणि रोपणाची औषधं एवढं सगळं एकत्र असताना बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) याच आठवड्यात व्हायला हवी.

बायोप्सी वरवर खरवडून नको, गाठीचा तळ त्यात यायला हवा. रिपोर्टमध्ये चार गोष्टी पाहा: जाडी किती मिलिमीटर, पेशी किती बिघडलेल्या, मज्जातंतूंच्या कडेने पसरलाय का, कडा मोकळ्या आहेत का. कान आणि ओठ या जागा मुळातच जोखमीच्या धरतात. जाडी 2 मिमीच्या वर गेली की काळजी वाढते, 6 मिमीच्या वर बरीच. त्याच दिवशी कानापुढच्या, जबड्याखालच्या आणि मानेतल्या लसिका गाठी हाताने चाचपून घ्या म्हणावं. रोपण झालेल्यांत स्क्वॅमस सेल कॅन्सर (कातडीच्या वरच्या थरातला, इथे शंका त्याचीच) लवकर पसरतो, म्हणून ही घाई.

‘गोऱ्यांना होतो’ हे अर्धंच खरं. नॉर्वेत किडनी आणि हृदय रोपण झालेल्यांत हा कॅन्सर इतरांच्या सुमारे 65 पट आढळला. तो आकडा आपल्या कातडीला लावू नका, आपल्याकडे प्रमाण खूप कमी आहे. पण सावळ्या कातडीत तो ऊन न लागणाऱ्या जागीही निघतो: जांघ, गुदद्वाराभोवती, जननेंद्रियावर, जुन्या चामखिळीत. तिथे कुणी बघत नाही. काकांची तपासणी कपडे काढून पूर्ण व्हायला हवी. तंबाखू-सुपारी असेल तर ओठ आणि गालाची आतली बाजूही.

गोळी_आणि_लेव्हल
काचेचा मुद्दा सोडू नका. उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांचे दोन प्रकार: साधी काच यूव्हीबी बरीच अडवते, यूव्हीए मात्र आत येऊ देते. अझाथायोप्रीनचा एक अंश, 6-थायोग्वानीन, पेशींच्या डीएनएत जाऊन बसतो आणि नेमका यूव्हीएच शोषतो. म्हणजे ‘ऊन लागत नाही’ म्हणत बसलेल्या माणसाच्या डाव्या कानावर वर्षानुवर्षं हेच चाललेलं. डावाच कान, बघा. गल्ला फिरवता येतो का पाहा, नाहीतर काचेवर यूव्ही अडवणारी फिल्म लावा. नुसती काळी फिल्म उजेड कमी करते, यूव्हीएची खात्री देत नाही.

दुसरी शंका त्या ‘एच’ची. एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. ती कातडी उन्हाला हळवी करते आणि वर्षं जातील तसा स्क्वॅमस कॅन्सरचा धोका वाढवते. बीपीची गोळी बदलून घ्या. मात्र बदलीत डिल्टियाझेम आलं तर टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल चढते, तेव्हा लेव्हल पुन्हा करावी लागेल. बुरशीसाठी व्होरिकोनॅझोल कधी दिलं असेल तर तेही सांगा, तेही याच यादीतलं.

अझाथायोप्रीन स्वतःहून बंद नाही. किडनी नाकारली गेली तर गाठ बाजूलाच राहील. नेफ्रोलॉजिस्टला दोन वाटा विचारा. एक, अझाथायोप्रीनऐवजी मायकोफेनोलेट: कातडीला कमी त्रासदायक, पण जुलाब होतात आणि पांढऱ्या पेशी उतरतात. दुसरी, टॅक्रोलिमसच्या जागी सिरोलिमस. पहिल्या गाठीनंतर हा बदल केला तर पुढच्या गाठी कमी होतात, अनेक गाठी होऊन गेल्यावर तेवढा फायदा राहत नाही. तोंड येणं, पायांना सूज, कोलेस्टेरॉल चढणं हे त्याचे त्रास. लघवीत प्रोटीन असेल तर तो सहसा देत नाहीत, काकांना नाही हे बरं. पण जखमा उशिरा भरतात, म्हणून कानाचे टाके पूर्ण जुळेपर्यंत सिरोलिमस सुरू करू देऊ नका.

पोहे_विना_जलेबी
निकोटिनामाइड 500 मिग्रॅ दिवसातून दोनदा. स्वस्त आहे आणि कातडीचे कॅन्सर कमी करतं असं वाचलंय.

डर्मा_मालवा
ते 2015 चं काम रोपण न झालेल्या लोकांवरचं. रोपण झालेल्यांवरचा अभ्यास 2023 मध्ये आला, त्यात फायदा दिसला नाही. तो पैसा पूर्ण बाह्यांच्या शर्टावर घाला.

सनस्क्रीनचंही तेच गणित. चेहरा, कान आणि मान यांना एक चहाचा चमचा, दोन्ही हातांना मिळून दोन. म्हणजे एका वेळेला 15 मिली, 50 मिलीची ट्यूब तीन-चार वेळांत संपली पाहिजे. आपल्याकडे ती दोन महिने पुरते, आणि मग एसपीएफ 50 नावापुरतंच. म्हणून हात कपड्यानं झाका, क्रीम चेहरा, कान, मान आणि हातांच्या पाठीपुरतं ठेवा. एसपीएफ 50, पीए+++ (पीए म्हणजे यूव्हीएपासून बचाव) चालेल, ब्रँडचा हट्ट नको. बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं लावा, उन्हात दर दोन तासांनी पुन्हा. कानाच्या मागे आणि कडेला बोट फिरवायला माणसं हमखास विसरतात. पुढे छज्जा असलेली टोपी कान झाकत नाही, चारी बाजूंनी काठ असलेली घ्या.

इंदूरच्या मुली स्कूटरवर ओढणी गुंडाळून, कोपरापर्यंत हातमोजे घालून जातात, ते यासाठी उत्तम आहे. फक्त पातळ पांढरी मलमल नको. कापड दिव्यासमोर धरा, दिवा स्पष्ट दिसला तर ते कामाचं नाही. आपण कर्कवृत्ताच्या जरा खाली, त्यामुळे जून-जुलैत सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि पावसाळी ढगांतूनही यूव्ही उतरतं. थंडीत गच्चीवर उन्हं खात बसणंही बंद. मग ड जीवनसत्त्व घटतं, ते रक्तात तपासून गोळीने भरा.

राजवाडा_ते_पलासिया
आभार. गुरुवारी बायोप्सी ठरली, त्याच दिवशी टॅक्रोलिमसची लेव्हलही आहे. सकाळची गोळी?

गोळी_आणि_लेव्हल
रक्त देईपर्यंत टॅक्रोलिमस घेऊ नये, ती डबीत सोबत न्या आणि रक्त दिल्यावर लगेच घ्या. बाकीच्या गोळ्या नेहमीच्या वेळेला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बायोप्सीवाल्यांना आजच फोन करून सांगा, स्वतःहून थांबवू नका.